तीन नंबरचं पोर्ट

बाबांचा आवाज डोंबिवलीच्या घरी, पलंगाशेजारच्या टेबलावर, एका जुन्या काळ्या लॅपटॉपमध्ये असतो.

स्नायूंची ताकद हळूहळू काढून घेणारा आजार त्यांना झाला, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलणं आधी जाईल. कल्याणला बाबांच्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर राहतात. बाबांची जीभ जड व्हायला लागल्याचं कळताच त्यांनी बाबांना चार वेळा आपल्या घरी बोलावलं, खोलीतला पंखा बंद केला आणि चाळीस वाक्यं बाबांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली. ‘पाणी हवंय.’ ‘कूस बदला.’ ‘पाय दुखतोय.’ ‘श्वास लागतोय.’ ‘हो.’ ‘नाही.’ बाबांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. एकेक वाक्य त्यांनी मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटलं. ‘श्वास लागतोय’ हे तर इतक्या शांतपणे म्हटलंय की कुणी बातम्या वाचतंय असं वाटावं.

वर्षभरात बोलणं गेलं, मग हात गेले. उजव्या हाताचं एक बोट तेवढं तांदळाच्या दाण्याएवढं हलतं. त्या बोटाखाली इंजिनिअरकाकांनी बनवलेलं बटण असतं. बटणाची वायर एका छोट्या डबीत जाते आणि डबीची वायर लॅपटॉपमध्ये. स्क्रीनवर चौकोनांचा तक्ता असतो. वर ती चाळीस वाक्यं, खाली मुळाक्षरं. एक पिवळा उजेड चौकोनाचौकोनावरून सरकत राहतो. हव्या त्या चौकोनावर तो आला की बाबा बटण दाबतात. वाक्य असेल तर त्यांच्या आवाजात ऐकू येतं. अक्षर असेल तर ते उमटतं आणि शब्द पुरा झाला की मशीनच्या सपाट आवाजात वाचलं जातं. वेलांटी ऱ्हस्व पडली तर बाबा मागे जाऊन ती दीर्घ करतात. त्यात मिनिटभर जातं. आई म्हणते, “अहो, कळलं मला, राहू द्या.” ते राहू देत नाहीत.

लॅपटॉप देताना काकांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, कारण त्यांना स्वतःला ऐकू फार कमी येतं आणि ते सगळं लिहूनच बोलतात. ‘याला इंटरनेट नको. अपडेट नको. दुसरं काहीही जोडू नका.’ तो कागद आम्ही भिंतीवर चिकटवला होता.

तरी त्याला दुसरं काहीतरी जोडलं, आणि ते मी जोडलं.

बाबांना सर्दी झाली होती. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात होता, पण त्यावरचे बारीक आकडे आईला दिसायचे नाहीत. चष्मा शोधेपर्यंत तिचा जीव टांगणीला. मी ठाण्याला बाळकुमला राहते, घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात नोकरी करते. रोज डोंबिवलीला जाणं होत नाही. मग मी लॅपटॉपला जोडता येणारा ऑक्सिमीटर आणला. स्क्रीनच्या कोपऱ्यात हाताएवढा आकडा दिसेल, नव्वदच्या खाली गेला की घंटा वाजेल. शनिवारी संध्याकाळी मी तो बाबांच्या डाव्या हाताच्या बोटाला लावला. लॅपटॉपच्या एका सॉकेटमध्ये बाबांची डबी, शेजारच्यात हा. दोन्ही चाललं. आई खूश झाली. “आता मला झोप लागेल गं,” म्हणाली. भिंतीवरच्या कागदाकडे बघून बाबांनी ‘नाही’चा चौकोन निवडला होता. मी म्हटलं, “बाबा, काही होत नाही. बघा, चालतंय ना?”

सोमवारी साडेअकराच्या सुमारास ऑफिसात आईचा फोन आला. तिच्या आधी मला बाबा ऐकू आले.

“श्वास लागतोय. हो. श्वास लागतोय. पाणी हवंय. नाही. श्वास लागतोय.”

तोच शांत, स्वच्छ आवाज. आणि त्यावर आईचं रडणं. “अगं, हे थांबतच नाहीयेत. लाईट गेली होती सकाळी, लॅपटॉप बंद पडला. मी चालू केला, तेव्हापासून हे असं चाललंय. काय करू मी? काय करू?”

“आई, त्यांचे ओठ बघ. निळे दिसतायत का?”

“नाही दिसत निळे. पण डोळे बघ ना कसे करतायत!”

“आकडा किती दाखवतोय?”

“दिसत नाही गं, स्क्रीनवर सगळं उड्या मारतंय. तो बाण इकडून तिकडे पळतोय आपोआप. मी दोन्ही वायरी उपटल्या, परत लावल्या. पुन्हा तेच.”

ती धापा टाकत होती. मला वाटलं, घाबरलीय.

समोरच्या काकूंना बोलाव म्हटलं. काकू आल्या, त्यांनी बाबांच्या बोटावरचा बारीक आकडा वाचला आणि फोनवर मला सांगितलं, “पंच्याण्णव आहे. चेहरा बरा वाटतोय. पण मशीन ओरडतंय बाई सारखं.” त्यांना नातीला शाळेतून आणायला जायचं होतं. तासाभरात येते म्हणून त्या गेल्या.

पंच्याण्णव म्हणजे ठीक. डोक्याला ते कळत होतं. पण बाबा स्वतःच्या आवाजात श्वास लागतोय म्हणत असताना आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? आकडा खरा की आवाज? गाडी काढली. नवरा कामासाठी बाहेरगावी होता, सोबत कुणी नव्हतं. माजिवड्याला सिग्नलवर अडकले तेव्हा फोन स्पीकरवर चालूच होता आणि बाबा माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवरून म्हणत होते, “कूस बदला. हो. हो. हो. श्वास लागतोय.” मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं आखडली. हायवेला ट्रकांच्या मधून काढत माणकोलीचा पूल गाठला. पुलावर एकदम आवाज थांबला. फोन कट झाला होता. मी पुन्हा लावला. आईने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला. खाली खाडी दिसत होती आणि मी मोठ्याने, गाडीत एकटीच, “उचल, उचल” म्हणत होते.

दार उघडं होतं. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पदराने तोंड पुसत. बाबा डोळे उघडे ठेवून होते. लॅपटॉप बोलत होता.

मी स्क्रीन पाहिली. बाण वेड लागल्यासारखा फिरत होता, आपोआप चौकोनांवर टिचक्या मारत होता. बाबांचं बोट बटणावर नुसतं पडलेलं. हललंही नव्हतं. म्हणजे हे बोलणं बाबांचं नव्हतंच. सकाळपासून त्यांचा आवाज घेऊन दुसरंच काहीतरी बोलत होतं, आणि ते दुसरं काय आहे हे मला माहीत नव्हतं. मी ऑक्सिमीटरची वायर ओढली. बाण जागच्या जागी थांबला. आवाज थांबला. खोली इतकी शांत झाली की आईचा श्वास ऐकू आला.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्हाला श्वास लागतोय?”

आमच्यात ठरलेलं आहे. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. त्यांनी डोळे मिटले.

“कुठे दुखतंय?” नाही. “पाणी?” नाही. “कूस?” नाही. तरी त्यांचे डोळे स्वस्थ नव्हते. माझ्याकडे, मग बाजूला, मग माझ्याकडे. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी वाहत होतं.

“सकाळपासून असंच करतायत,” आई म्हणाली. “मला वाटलं श्वासाचंच सांगतायत.”

“लॅपटॉपवर सांगायचंय का काही?” मी विचारलं.

डोळे वर गेले. वरच राहिले.

मी डबीची वायर तपासली, तक्ता पुन्हा सुरू केला. पिवळा उजेड सरकू लागला. “दाबा, बाबा.” त्यांचं बोट हललं, मी डोळ्यांनी पाहिलं. स्क्रीनवर काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. नाही. आईने घाईत वायरी उपटून उलटसुलट लावल्या होत्या. बाबांची डबी आता शेजारच्या सॉकेटमध्ये होती आणि तिचं मूळचं सॉकेट, ज्यातून मी आत्ताच ऑक्सिमीटर ओढून काढला होता, ते या ओढाओढीत सैल होऊन निकामी झालं होतं. त्यात काहीही घातलं तरी लॅपटॉप ढिम्म.

तेव्हा मला खरी भीती वाटली. गाडीत वाटली ती वेगळी होती. बाबांच्या मनात काहीतरी होतं, तातडीचं होतं, आणि त्यांच्यापर्यंत जायचा एकुलता एक रस्ता मी स्वतः बंद केला होता.

इंजिनिअरकाकांना फोन करून उपयोग नव्हता. मी मेसेज लिहिला. काय जोडलं, काय झालं, सगळं. कबुली दिल्यासारखं. दोन निळ्या खुणा येईनात. दुपारचं जेवून ते झोपत असतील. मी नुसती बसून राहू शकत नव्हते, आणि हात लावायचीही हिंमत होत नव्हती. ती चाळीस वाक्यं याच लॅपटॉपमध्ये होती. दुसरीकडे कुठे आहेत की नाहीत, मला माहीत नव्हतं. एक चुकीचं बटण दाबलं आणि ती पुसली गेली तर बाबा पुन्हा ती म्हणू शकणार नव्हते.

“अगं, थोडं पाणी पी,” आई म्हणाली. ती माझ्यामागे उभी होती.

“आई, मधे मधे येऊ नकोस गं! जा ना आत जरा.”

ती गेली. बाबांनी डोळे इतके जोरात मिटले की पापण्या थरथरल्या. मला वाटलं, मी ओरडले म्हणून.

पाऊण तासाने काकांचं उत्तर आलं. एका बोटाने लिहिणाऱ्या माणसाचे तुटक मेसेज, एकामागून एक.

‘घाबरू नको.’

‘आधी आवाज नावाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घे. माझ्याकडेही एक प्रत आहे.’

ती ओळ वाचून माझे खांदे खाली आले. बॅगेत ऑफिसचा पेन ड्राइव्ह होता. चालू सॉकेट उरलेलं एकच, म्हणून डबी काढून तिथे तो लावला. चाळीस फाइली एकेक करून उतरताना मी मोजल्या आणि डबी परत तिथे लावली.

मग काकांनी लिहिलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण त्याहून सोपं मला सांगता येणार नाही. ‘लॅपटॉप प्रत्येक उपकरणाला पोर्टचा नंबर देतो, टपालपेटीला देतात तसा. बाबांच्या डबीचा नंबर ३. तक्ता फक्त ३ नंबरच्या पेटीत बघतो. तुझा ऑक्सिमीटर सतत आकडे पाठवतो. लाईट जाऊन लॅपटॉप पुन्हा चालू झाला तेव्हा त्याला ते आकडे म्हणजे माउसची हालचाल वाटली. म्हणून बाण पळाला. आता डबी दुसऱ्या सॉकेटमध्ये आहे म्हणून तिला नवा नंबर मिळालाय. ३ नंबर त्या तुटलेल्या सॉकेटच्या नावावर अडकून आहे.’

‘मग काय करू काका?’

‘तो सोडवायचा.’

त्यांनी एकेक पायरी लिहिली. उपकरणांची यादी उघड. लपलेली उपकरणं दाखव. तीत एक फिकट झालेला माउस दिसेल, कधी घरात नव्हताच असा. तो काढून टाक. मला तो दिसला. सकाळपासून आमच्या घरात बोलत होता तो हाच. काढताना लॅपटॉपने विचारलं, नक्की काढायचं? मी काकांना विचारलं. ‘हो.’ मी दाबलं. मग डबीच्या नावावर जाऊन तिचा नंबर बदल, पाचाचा तीन कर. मी तीन निवडला आणि स्क्रीनवर पिवळा त्रिकोण आला. हा नंबर दुसरं उपकरण वापरत आहे. पुढे गेल्यास दोन्ही बंद पडू शकतात. पुढे जायचं?

माझा हात थांबला. मी त्या चौकटीचा फोटो काढून पाठवला. उत्तर येईना. बाबा माझ्याकडे बघत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली.

‘हो म्हण,’ काकांचं उत्तर आलं. ‘ते दुसरं उपकरण आता नाही.’

मी हो म्हटलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. जुना लॅपटॉप. तो उघडेपर्यंत काळ्या स्क्रीनमध्ये मला माझाच चेहरा दिसत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. तक्ता आला. पिवळा उजेड निघाला. पहिली ओळ, दुसरी ओळ.

“बाबा, दाबा.”

टक्. उजेड एका ओळीवर थांबला.

मला रडू फुटलं. पण बाबांना त्यासाठी वेळ नव्हता. ते वाक्यांकडे गेलेच नाहीत. सरळ अक्षरांत उतरले. आ. मग ई. मशीन म्हणालं, “आई.” मला वाटलं, आईला बोलवतायत. “आई, ये गं, बाबा बोलतायत,” मी हाक मारली. ती आली नाही. बाबा पुढे गेले. ल, काना. ब. घ. उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत होता आणि बाबा त्याची वाट बघत होते. छ. त्यांनी काना दिला नाही. पहिल्यांदाच मी त्यांना चूक तशीच सोडून पुढे जाताना पाहिलं. त. वेलांटीही नाही. छत. आणि मग वर जाऊन ‘दुखतोय’ हा शब्द असलेला चौकोन, पाय वगैरे न बघता.

“पाय दुखतोय,” लॅपटॉपमधून बाबांचा जुना आवाज म्हणाला.

आईला बघ. छाती. दुखतोय.

ती चाळीस वाक्यं आम्ही किती विचार करून निवडली होती. सगळी बाबांबद्दलची. दुसऱ्या कुणाला काही होईल आणि ते बाबांना सांगावं लागेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. डावा हात उजव्या हाताने दाबून धरला होता. चेहरा घामाने चकचकीत आणि राखेसारखा. मी आले तेव्हा पदराने पुसत होती तो हाच घाम. “ॲसिडिटी गं,” ती म्हणाली. “सकाळपासून आहे. इनो घेतलाय. तू बाबांचं बघ.”

“कधीपासून, आई?”

“लाईट गेली त्याच्या आधीपासून. हे सारखे बघत होते माझ्याकडे. मला वाटलं...”

पुढे तिला बोलवेना.

समोरच्या काकू नुकत्याच परतल्या होत्या. त्यांना बाबांपाशी बसवलं. खालच्या दुकानातल्या दोघांनी आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. दोन मजले. प्रत्येक वळणावर तिची मान एका बाजूला कलायची आणि मी “आई, माझ्याकडे बघ” म्हणायचे. ती बघायची. एकदा नाही बघितलं. त्या चार-पाच पायऱ्या मला अजून स्वप्नात येतात. गाडीत तिला मागे आडवी केली आणि हॉर्नवरचा हात न काढता हॉस्पिटल गाठलं. आत नेताना तिने माझा हात सोडला नाही, तो नर्सने सोडवला.

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, “आणखी उशीर झाला असता तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते.” त्याच संध्याकाळी स्टेंट घातला. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसल्यावर मला आठवत राहिलं ते एवढंच, की त्या पाऊण तासात मी तिला आत जायला सांगितलं होतं. बाबा आमच्या दोघींकडे बघत होते आणि काहीच करू शकत नव्हते. आम्ही तिघंही दिवसभर घाबरलेलो होतो. खरं काय घडतंय हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

काकूंना फोन केला. त्यांनी तो बाबांच्या कानाला लावला. मी सांगितलं, आई वाचली, शुद्धीवर आहे, तुमची चौकशी करतेय. मग आला तो आवाज. “हो.” आणि लगेच पुन्हा, “हो. हो.”

मी घाईने म्हटलं, “काकू, त्यांचं बोट हलतंय का बघा. तेच दाबतायत ना?”

“तेच दाबतायत गं,” काकू म्हणाल्या. “रडतायत आणि दाबतायत.”

आई पाच दिवसांनी घरी आली. तोवर मी रजा काढून डोंबिवलीलाच होते. तो ऑक्सिमीटर मी परत खोक्यात घातला. सर्दी आपोआप गेली. आईच्या चष्म्याला दोरी बांधली आणि जुना, कशालाही न जोडलेला ऑक्सिमीटर पुन्हा काढला.

पुढच्या रविवारी इंजिनिअरकाका कल्याणहून रिक्षाने आले. जिना चढून वर आल्यावर दहा मिनिटं नुसते बसले. मग त्यांनी पिशवीतून दुसरं बटण काढलं. त्याला बॅटरी आणि एक साधी घंटा, बस्स. लॅपटॉपशी संबंध नाही, नंबर नाही, सॉकेट नाही. ते त्यांनी बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बसवलं, कारण तो अंगठा थोडा हलतो हे बाबांनीच त्यांना स्क्रीनवर लिहून सांगितलं. आम्हाला तिघींना, काकूंना धरून, ते माहीतच नव्हतं. त्यांनी तक्त्यातही बदल केला. अक्षरांच्या वर एक नवी ओळ घातली. आई, मुलगी, शेजारी. आणि त्यापुढे, पडली, दुखतंय, डॉक्टर. हे शब्द मशीनच्या सपाट आवाजात आहेत. बाबांच्या आवाजात आता ते होणार नाहीत.

बाबांनी अंगठा हलवला. घंटा वाजली आणि आम्ही सगळेच दचकलो. काकांना ऐकू आली नाही, त्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं आणि मान हलवली.

आता दिवसातून आठ-दहा वेळा ती वाजते. बहुतेक वेळा काही नसतं. पंखा वाढवायचा असतो, पेपर उलटायचा असतो. आई म्हणते, “आले, आले, धावायला लावू नका मला.” आणि सावकाश चालत जाते. मी बाळकुमला असते तेव्हा रात्री झोपण्याआधी फोन करते. ती बोलत असताना मागे घंटा वाजली की मी बोलणं थांबवते. ती जाऊन परत येईपर्यंत, काय हवं होतं ते सांगेपर्यंत, फोन कानाला घट्ट लावून मी तशीच बसून राहते.